कोकणात घर बांधताय? पाया आणि जोत्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही जा, घर बांधायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "स्क्वेअर फुटाला काय भाव?" दुसरा, "स्लॅब की कौलं?" जमिनीच्या पोटात काय आहे हे विचारणारा क्वचितच भेटतो. कोकणात पायाला घराच्या वजनापेक्षा पाणी जास्त छळतं. ते वरून कोसळतं, उतारावरून येतं, जमिनीतून भिंतीत चढतं आणि किनाऱ्यालगत ते खारंही असतं. खालची बहुतेक उत्तरं शेवटी या पाण्यापाशीच येऊन थांबतात.

आमची जागा सड्यावर, कातळावरच आहे. मग पाया खणायचा कशाला?

खोल खणायची गरज बहुधा नाही, पण खाली काय आहे ते बघायची नक्की आहे. कातळ म्हणजे जांभ्याचं कडक झालेलं कवच. एकाच वाडीत ते एका कोपऱ्यात दहा फूट जाड आणि दुसऱ्या कोपऱ्यात दोन फूट असू शकतं. त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढुरकी, गुलाबी किंवा पिवळट अशी मऊ चिकण माती असते. पाणी मुरलं की ती ढिली होते आणि पाण्याबरोबर वाहूनही जाते. त्यातूनच कातळाखाली पोकळ्या तयार होतात. वरून बघणाऱ्याला त्यांचा पत्ता लागत नाही.

साधी परीक्षा अशी. जिथे जिथे कॉलम येणार तिथे पहारीचा जोरात ठोका द्या. भरीव कातळ ठणठणतो आणि पहार उसळून परत येते. पोकळ जागी आवाज दबका येतो. जाणता गवंडी आवाजावरूनच मान हलवतो. अशा जागी कवच फोडून आत बघावं, पोकळी साफ करावी आणि साध्या काँक्रीटने भरावी. मातीने किंवा चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडाच्या, कपच्यांनी भरून वर फूटिंग (कॉलमखालचा रुंद काँक्रीटचा पाया) टाकू नये.

कातळ ओबडधोबड असेल तर फूटिंगपुरता तो सपाट करून घ्या. उतरता असेल तर पायऱ्या कापा. तिरप्या खडकावर काँक्रीट ओतून ठेवलं तर ते घसरायला वाट मोकळी राहते. अर्धं घर कातळावर आणि अर्धं मातीवर येत असेल तर आधी इंजिनीअरला बोलवा. कातळावरचा भाग हलत नाही, मातीवरचा हळूहळू बसतो आणि दोन्हींच्या मधोमध भिंत तडकते.

जमीन कशी आहे हे खर्च न करता कळेल का?

निम्मं कळेल. शेजाऱ्याच्या विहिरीत वाकून बघा. एप्रिल-मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हा बांधीव कठड्याखाली जमिनीचे थर उघडे दिसतात. वर तांबडी माती, मग जांभा, मग मऊ चिकण थर आणि सगळ्यात खाली काळा दगड. पाणी पावसाळ्यात कुठवर चढतं याची खूणही विहिरीच्या कडेवर असते. शेजाऱ्यालाही विचारा, कारण ऐन श्रावणात पाणी हाताने काढता येतं की राहाट लागतो हे त्यालाच ठाऊक. जवळपास चिरेखाण असेल तर तिची उभी कड हा फुकटातला नकाशाच.

उरलेलं निम्मं खणूनच कळतं. घराच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे चाचणीखड्डे घ्या, माणूस उतरेल एवढे. प्रत्येक खड्ड्याचा टेप लावून फोटो ठेवा. पाचही खड्ड्यांत सारखीच कडक जमीन लागली आणि घर तळमजल्याचं असेल, तर अनुभवी इंजिनीअर पुढचं ठरवू शकतो. खड्ड्याखड्ड्यात फरक दिसला, भराव लागला, पाणी लागलं किंवा दोन मजल्यांचा विचार असेल, तर मात्र प्रयोगशाळेकडून मातीची भारक्षमता काढून घ्या. घराच्या एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ असते. लोक फरशीच्या डिझाइनवर त्याहून जास्त उडवतात.

भारक्षमता म्हणजे नेमकं काय, आणि फूटिंग किती मोठं लागतं?

एक चौरस मीटर जमीन न दबता किती वजन झेलेल, तो आकडा. समजा एका कॉलमवर 20 टन भार येतो. जमिनीची सुरक्षित भारक्षमता चौरस मीटरला 10 टन असेल तर 2 चौरस मीटर फूटिंग लागेल, म्हणजे साधारण 1.4 मीटर बाय 1.4 मीटर, सुमारे पावणेपाच फुटांचा चौरस. जमीन 40 टनांची असेल तर अर्धा चौरस मीटर पुरेल, म्हणजे जेमतेम सव्वादोन फूट. यात फूटिंगचं स्वतःचं वजन धरलेलं नाही, ते वेगळं मिळवतात.

म्हणून "गावात सगळे चार बाय चार टाकतात" हे उत्तर ऐकलं की सावध व्हा. एका प्लॉटवर तो आकार उगाच मोठा ठरतो आणि पलीकडच्या मळ्यात तो तोकडा पडतो.

पाया किती खोल हवा?

कडक, न हललेली जमीन लागेपर्यंत. आयएस 1904 या भारतीय मानकाप्रमाणे मातीत पाया नैसर्गिक जमिनीच्या पातळीपासून निदान 50 सेंटीमीटर खाली जायला हवा. यातला "नैसर्गिक" हा शब्द विसरू नका. जेसीबीने तीन फूट भराव टाकला आणि त्यात तीन फूट खणलं, तर तुम्ही अजून जमिनीला पोहोचलेलाच नाही.

आमच्याकडे मऊ तांबड्या मातीत चार-पाच फूट खोली सर्रास जाते. खड्डा खणून झाला की तळ चांगला ठोका, आणि रात्रीतून पाणी साचलं असेल तर ते उपसून चिखल झालेला थर खरवडून काढा. त्या चिखलावर सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) टाकायची घाई फार जण करतात.

जागा उतारावर आहे. जेसीबीने सपाट करून घेतली की झालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि कोकणातली सगळ्यात जास्त घरं इथेच फसतात.

डोंगर कापून एका बाजूची माती दुसऱ्या बाजूला लोटली की मैदान तयार दिसतं. प्रत्यक्षात त्याचा मागचा अर्धा भाग मूळ जमिनीवर असतो आणि पुढचा अर्धा भुसभुशीत भरावावर. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत भराव बसतो आणि समोरच्या पडवीसकट घराचा दर्शनी भाग खाली ओढला जातो. भरावाच्या बाजूचे सगळे कॉलम मूळ जमिनीपर्यंत उतरवायलाच हवेत, मग त्यांची उंची आठ फूट झाली तरी. भराव फक्त जमिनीच्या कोब्याखाली चालेल, आणि तोही सहा ते आठ इंचांच्या थराथराने, पाणी मारून, कॉम्पॅक्टरने ठोकून. डंपर रिकामा करून वरून जेसीबीची दोन चाकं फिरवली म्हणजे ठोकणं झालं असं होत नाही.

कापलेल्या मागच्या बाजूचा धोका वेगळा. जांभ्याखालचा तो चिकण थर कापात उघडा पडला तर वरचा डोंगर भिजला की सुटू शकतो. 26 जुलै 2005 च्या पावसात महाड तालुक्यातल्या जुई आणि दासगावात काय झालं, 22 जुलै 2021 ला तळियेवर आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर काय कोसळलं, हे कोकणाला सांगायला नको. त्या दरडींची कारणं मोठी होती, दर वेळी कोणी घरासाठी केलेला काप नव्हे. पण मुसळधार पावसात भिजलेला तीव्र उतार कसा वागतो हे त्यांतून दिसतं. उभी कड ठेवून तिच्यापासून चार फुटांवर घराची भिंत उभी करणं म्हणजे तसल्याच एका उताराशी शेजार जोडणं.

त्याऐवजी आपल्या जुन्या वाड्यांसारखं टप्प्याटप्प्याने बसवा. खळं खाली, ओटी वर, माजघर त्याहून दोन पायऱ्या वर. काप कमी, भराव कमी, खर्चही कमी. काप घ्यावाच लागला तर मागे डिझाइन केलेली धारक भिंत हवी, तिच्या पाठीशी खडीचा थर हवा आणि भिंतीत पाणी सुटायला तिरकी भोकं हवीत. भोकं नसलेली भिंत मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने फुगते. पहिला पाऊस पडल्यावर भोकांतून पाणी येतंय ना ते बघा. नसेल येत तर मागे ते कुठेतरी तुंबलंय. आणि बिनचुन्याचा रचीव गडगा आवाराला उत्तम, पण डोंगर अडवायचं काम त्याला सांगू नका.

मळ्यात किंवा खाजणात घर बांधता येईल?

मळा, म्हणजे भातशेतीची सखल जमीन, बांधता येतो पण महाग पडतो. वरचा चिखलाचा आणि सेंद्रिय मातीचा थर पूर्ण काढावा लागतो, फूटिंग रुंद करावी लागतात, कधी कधी सगळ्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा तळ, म्हणजे राफ्ट, घालावा लागतो. जमिनीची पातळी रस्त्यापेक्षा खाली असते, म्हणजे सगळ्या वाडीचं पाणी आपल्या दारात.

खाजणात, खाडीलगतच्या खारट चिखलात, आमचं प्रामाणिक उत्तर "नको" असं आहे. मऊ चिखल, भरतीचं पाणी, सळईला खाणारा क्षार आणि त्यावर सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचा, कायदा. पाइल टाकून घर उभं राहतं, पण तेवढ्या पैशांत वरच्या अंगाला दुसरी जागा येईल.

समुद्राजवळ पुळणीवर वाळूच आहे. वाळूवर घर टिकतं का?

टिकतं. दिवेआगर, गुहागर, तारकर्लीला माडांच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी आहेत. दाबून बसलेली वाळू वजन चांगलं घेते. त्रास तीन. खड्ड्याच्या कडा ढासळतात, म्हणून कडा तिरक्या घ्याव्या लागतात किंवा फळ्या लावून धराव्या लागतात. पावसाळ्यात पाणी अगदी वर येतं, म्हणून शोषखड्डा आणि विहीर यांची गाठ पडते. आणि वाळूत, पाण्यात, वाऱ्यात सगळीकडे मीठ असतं. पाया वरवर घेऊन भागवू नका, कारण पागोळ्यांनी आणि वाऱ्याने वाळू निघून जाते आणि फूटिंग उघडं पडतं.

समुद्रापासून किती अंतरावर बांधायला परवानगी आहे?

2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त असेल तिथे भरतीरेषेपासून 50 मीटर, बाकी ठिकाणी 200 मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र. खाडीकाठाला 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. मात्र भरतीरेषा म्हणजे अधिकृत नकाशावरची रेषा. उधाणाचं पाणी कुठवर येतं हे तुम्ही-आम्ही काठावर उभं राहून ठरवायचं नसतं. तुमचा गट नंबर त्या नकाशात कुठे पडतो याचं लेखी उत्तर नगररचना कार्यालयाकडून घ्या. एजंटने "होऊन जाईल" म्हटलं यावर पाया खणू नका.

त्याआधी भूमी अभिलेखची सरकारी मोजणी. सातबारावर पंधरा नावं असलेल्या सामाईक जमिनीत गडगा हीच हद्द असं समजून पाया घातला, आणि मग चुलत्यांनी हरकत घेतली, ही गोष्ट प्रत्येक गावात एक तरी आहे.

जुनं घर पाडून त्याच जोत्यावर नवीन बांधलं तर पैसे वाचतील का?

वर काय बांधताय त्यावर आहे. जुनं जोतं म्हणजे बहुधा मातीत किंवा चुन्यात रचलेला जांभा आणि आत ठोकलेली माती. त्याने आजवर लाकडी सांगाडा आणि कौलं झेलली. मंगलोरी कौलांचं छप्पर चौरस मीटरला अंदाजे 65 किलो भरतं, पाच इंची स्लॅब 300 किलोच्या वर जातो, आणि त्यावर कोबा, पाण्याची टाकी, गच्चीवर जमलेली माणसं वेगळी. जोत्याने पेललंच पाहिजे असा आग्रह कोणाच्या बळावर धरायचा?

पुन्हा कौलं किंवा हलकं पत्र्याचं छप्पर घालणार असाल तर जोत्याच्या एका कोपऱ्याला खणून बघा. तळाचा दगड कडक जमिनीवर असेल, सांधे रिकामे झाले नसतील, उंदीर-घुशींची बिळं नसतील, तर सांधे भरून, वर काँक्रीटचा पट्टा फिरवून ते वापरता येतं. स्लॅब हवाच असेल तर जोत्याच्या आतून नवीन कॉलम नव्या फूटिंगवर उभे करा आणि जुन्या जोत्याला फक्त भिंतीचा आणि जमिनीचा भार द्या. यातही एक पथ्य आहे. जुन्या भिंतीला लागून तिच्या तळाहून खोल खड्डा खणायचा असेल तर एका वेळी एकच खणावा, त्यात काँक्रीट भरून तो पक्का झाला की पुढचा. सगळे एकदम उघडले तर उभी भिंत बसते.

पण आजोबांचं घर सिमेंटशिवाय शंभर वर्षं उभं आहे. मग ही सगळी भानगड कशाला?

आजोबांचं घर शंभर वर्षं उभं आहे, कारण दरवर्षी कोणीतरी कौलं चाळत होतं, जोतं सारवत होतं, पागोळ्यांचं पाणी काढून देत होतं. छप्पर हलकं, पडवी चारी बाजूंनी पुढे आलेली, भिंतीला पाऊस लागतच नव्हता. आणि जी घरं बसली ती आज दिसत नाहीत. आपण सपाट स्लॅब, आखूड छज्जे आणि वर्षातले दहा महिने कुलूप असं घर बांधतो. त्याला पाया वेगळाच लागणार.

चिऱ्याच्या लोडबेअरिंग भिंती बऱ्या की आरसीसी कॉलम?

एकमजली घर, कडक जमीन, खोल्या लहान असतील तर चिऱ्याचं लोडबेअरिंग, म्हणजे छपराचा भार भिंतींनीच घेणं, आजही उत्तम आणि स्वस्त. भिंतीखाली सलग पाया, जोत्याच्या पातळीला सळईचा सलग काँक्रीट पट्टा आणि तसाच दुसरा दारं-खिडक्यांच्या वर. हे पट्टे टाळू नका. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप चिपळूण-संगमेश्वरच्या जुन्या माणसांच्या आठवणीत असतो. पट्टे असलेली भिंत हलली तरी एकत्र हलते.

पुढे मजला चढवायचा विचार असेल किंवा जमीन एकसारखी नसेल तर आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचे, कॉलमच. आणि तो विचार आताच सांगा. "बघू पुढे" म्हणत एकमजली फूटिंग टाकून दहा वर्षांनी वर मजला चढवणारे फार आहेत.

पायात चिरा वापरावा का? चांगला चिरा कसा ओळखायचा?

जमिनीखाली आणि सतत ओल असलेल्या जागी आम्ही काळा दगड पसंत करतो, जोत्याच्या वर चिरा. चिरा पाणी पितो आणि पायातली ओल वर नेतो. सड्यावर, निचरा चांगला असेल तिथे चिऱ्याचा पायाही वर्षानुवर्षं चालतो.

खाणीतून काढल्यावर चिरा मऊ असतो आणि हवा लागून कडक होत जातो, म्हणून उन्हात ठेवून मग लावा. पिवळ्या-पांढऱ्या मातीचे गोळे आत दिसले तर तो चिरा बाजूला काढा, कारण ते पावसात धुऊन जातात आणि मागे भोक राहतं. आयएस 3620 प्रमाणे चिऱ्याने आपल्या वजनाच्या 12 टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. हे घरीही बघता येतं. सुका चिरा काट्यावर तोला, 24 तास पाण्यात बुडवा, बाहेर काढून पुसा आणि परत तोला. 30 किलोचा चिरा 33.6 किलोच्या वर गेला तर दुसरी खाण बघा. गाडीतले वरचे दोन चांगले चिरे न घेता मधले उचलून तोला, एवढं लक्षात ठेवा.

खाडीची वाळू चालेल का? आणि विहिरीचं पाणी?

खाडीच्या वाळूत मीठ असतं आणि मीठ सळई गंजवतं. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. आरसीसी कामात न धुतलेली खाडीची वाळू नकोच. नदीची वाळू किंवा चांगली क्रश सँड घ्या. गाळ बघायला काचेच्या उंच बरणीत निम्मी वाळू आणि वर पाणी घालून हलवा आणि काही तास ठेवा. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या थराच्या बाराव्या हिश्श्याहून जाड असेल तर गाडी परत पाठवा.

पाण्याचंही तेच. किनाऱ्याजवळच्या विहिरी चैत्र-वैशाखात मचूळ होतात, आणि नेमकं तेव्हाच बांधकाम जोरात असतं. जानेवारीत तपासलेलं पाणी मे महिन्यात तेच राहील असं नाही. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं आयएस 456 म्हणतं. चवीला मचूळ लागलं की प्रयोगशाळेत पाठवा, तोवर टँकर.

काँक्रीट कोणत्या ग्रेडचं? गावात तर एम 20 च घालतात.

आयएस 456 प्रमाणे समुद्री हवा थेट लागणाऱ्या आरसीसी कामाला किमान एम 30 (एम पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद), पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त 0.45 आणि घनमीटरला निदान 320 किलो सिमेंट. किनाऱ्यापासून आत, आडोशाला असाल तर एम 25 वर भागू शकतं. घमेल्याने मोजून केलेलं ठरावीक प्रमाणाचं मिश्रण एम 20 पर्यंतच मान्य आहे. त्यापुढच्या ग्रेडला तुमच्याच खडी-वाळूवर प्रयोगशाळेने काढून दिलेलं मिश्रण लागतं.

हे सगळं कागदावर ठीक असूनही साइटवर एकच गोष्ट ते धुळीला मिळवते, ती म्हणजे पाण्याचा पाइप. 0.45 म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही त्यातच धरायचं. कामगारांना काँक्रीट सरसर पसरायला हवं असतं, म्हणून ते पाइप सोडतात. मिक्सरजवळ एक मापाची बादली ठेवा आणि पाइपची तोटी तुमच्या माणसाच्या हातात. काँक्रीट घट्ट वाटलं तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट मोकळं करणारं रसायन) घाला, पाणी नको, आणि व्हायब्रेटर चालवा.

सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) घ्या. किनाऱ्यावर क्षारांसमोर ते बरं टिकतं, पण ताकद सावकाश धरतं. म्हणून पाणी मारणं निदान 10 दिवस, जमलं तर 14. गोणपाटं अंथरून ओली ठेवा. सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या उडवणं म्हणजे क्युअरिंग नाही.

सळईबद्दल काय काळजी घ्यायची?

फूटिंगमध्ये सळईभोवती सगळ्या बाजूंनी निदान 50 मिलिमीटर काँक्रीट राहिलं पाहिजे. त्यासाठी सिमेंटचे कव्हर ब्लॉक वापरा. सळईखाली चिऱ्याची कपची किंवा लाकडाचा तुकडा सरकवलेला दिसला तर काम थांबवा, कारण ती कपची सळईपर्यंत ओल नेते. सळई लागेल तेवढीच आणा, जमिनीपासून उचलून, झाकून ठेवा. हलका तांबूस गंज तारेच्या ब्रशने निघतो. पापुद्रे सुटत असतील तर ती सळई वापरू नका.

जोतं किती उंच ठेवायचं?

साधारण जागी अंगणापासून दोन ते अडीच फूट. चिपळूण, महाड, खेड, राजापूरसारख्या पुराच्या गावात मात्र अंगणावरून मापायचं नाही. जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचंच नाही. निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्या. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी कुठवर चढलं याच्या खुणा लोकांनी भिंतींवर करून ठेवल्या आहेत, त्याही मोजून घ्या. एवढं उंच जोतं मातीने भरण्यापेक्षा घर खांबांवर उचलणं अनेकदा स्वस्त पडतं, आणि खाली गाडी, लाकडं, नारळ ठेवायला जागा होते.

भिंतीला खालून ओल चढते, त्याला पायातच काही करता येतं का?

पायातच करायचं असतं, नंतर रंगाने झाकलं जात नाही. जोत्याच्या माथ्यावर, सगळ्या भिंतींखाली, मध्ये कुठेही न तुटता ओलरोधक काँक्रीटचा थर द्या. दाराच्या उंबऱ्याशी गवंडी तो हमखास तोडतात आणि ओल तिथूनच शिरते. कोब्याखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, जोड फूटभर एकावर एक घेऊन.

वाळवीची फवारणीही याच वेळी, फूटिंगच्या खड्ड्यांत, जोत्याच्या भरावावर आणि बाहेरच्या कडेने. विहीर जवळ असेल तर फवारणाऱ्याला आधी सांगा. आणि जागेवर जुना आंबा-फणस तोडला असेल तर खुंट मुळासकट काढा. कुजणारं खोड खाली राहिलं तर वाळवी तिथेच मुक्काम करते, आणि खोड कुजून गेल्यावर खाली खड्डा उरतो.

पागोळ्यांचं पाणी जोत्याजवळ पडतं. त्याने काय होतं?

हिशेब करा. हजार चौरस फुटांचं छप्पर आणि मोसमात 3000 मिलिमीटर पाऊस, म्हणजे एका पावसाळ्यात जवळजवळ 2 लाख 80 हजार लिटर पाणी. हे सगळं जोत्याच्या कडेला चर पाडून पायात मुरू द्यायचं का? पन्हळी लावा, जोत्याभोवती तीन फूट रुंद बाहेर उतरता कोबा करा आणि पाणी लांब नेऊन सोडा. डोंगराच्या बाजूला घराच्या वर आडवा चर हवा, म्हणजे उतारावरून येणारं पाणी बाजूने निघून जाईल. हा चर मे अखेरीस साफ करायचा असतो, पण मालक मुंबईला असतो.

शोषखड्डा घरापासून निदान 20 फूट, विहिरीपासून निदान 60 फूट ठेवा. जांभ्याच्या भेगांतून पाणी फार लांब जातं, म्हणून कातळावर अंतर वाढवा आणि तो विहिरीच्या खालच्या अंगाला ठेवा.

काम कधी सुरू करावं? जोत्याने एक पावसाळा खावा म्हणतात, ते खरं आहे का?

दसऱ्यानंतर जमीन वाफशावर आली की खणायला सुरुवात आणि शिमग्यापर्यंत जोतं पुरं. मृगाच्या तोंडावर उघडे खड्डे ठेवू नका, कडा ढासळतात आणि सगळं पुन्हा खणावं लागतं.

एक पावसाळा खाऊ देणं जोत्यातल्या भरावासाठी चांगलं आहे. माती आपोआप बसते आणि नंतर फरशी खचत नाही. पण त्यात कॉलमच्या सळया चार महिने खाऱ्या पावसात उघड्या राहतात. त्यांना सिमेंटची स्लरी लावून वर हलकं काँक्रीट किंवा प्लास्टिक गुंडाळा. भराव चांगला ठोकून घेतला असेल तर थांबायची सक्ती नाही.

आम्ही मुंबईला असतो. पायाच्या कामावर लक्ष कसं ठेवायचं?

रोज व्हिडिओ कॉल करून काही साधत नाही, कारण कॉन्ट्रॅक्टर चांगला कोपरा दाखवतो. तीन वेळा प्रत्यक्ष या. लाइनआउटला (जमिनीवर पायाची आखणी होते तेव्हा), फूटिंगमध्ये सळई बांधून झाल्यावर काँक्रीटच्या आदल्या दिवशी, आणि जोत्याच्या पट्ट्याच्या काँक्रीटला. बाकी दिवसांसाठी करारात एक ओळ लिहून घ्या की प्रत्येक खड्ड्याचा टेपसकट फोटो आणि इंजिनीअरचा होकार आल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, ओतलं तर त्याचे पैसे नाहीत.

लाइनआउटच्या दिवशी गुण्यावर विसंबू नका. कोपऱ्यापासून एका दोरीवर 9 फूट, दुसरीवर 12 फूट खूण करा, दोन खुणांमध्ये बरोबर 15 फूट भरले तर कोपरा काटकोनात. मग सगळ्या घराचे दोन्ही कर्ण मापा. ते सारखे येत नसतील तर फक्कीच्या रेषा पुसून परत आखा. त्या दिवशी दोरी हलवायला पाच मिनिटं लागतात.

वास्तू, मुहूर्त, जागेवाला यांचं काय?

भूमिपूजन करा, जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला, नारळ ठेवा, देवाला गाऱ्हाणं घाला. गावात राहायचं तर गावाची रीत पाळावी, त्यात नुकसान काही नाही. फक्त ईशान्येला खड्डा हवा म्हणून चिकण मातीत पाया घालू नका, आणि मुहूर्त साधायचा म्हणून सळई न तपासता काँक्रीट ओतू नका. मुहूर्तावर एक दगड बसवला तरी शास्त्र पुरं होतं.

घर झालं, दोन पावसाळ्यांनी भिंतीला तडे दिसले. पाया बसतोय का?

गिलाव्यावरचे केसासारखे उभे-आडवे तडे बहुधा गिलाव्याचेच असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरके जाणारे, एका टोकाला रुंद होत जाणारे आणि आरपार दिसणारे तडे पायाकडे बोट दाखवतात. तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी फुटली म्हणजे हालचाल चालू आहे. मग आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधा. फुटलेला पाइप, तुंबलेला चर, जोत्याकडे उतरलेलं अंगण. ते बंद केल्यावर बऱ्याचदा घर तिथेच थांबतं. पुढच्या पावसाळ्यातही नवी पट्टी फुटली तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा, आणि तोपर्यंत तडे भरून रंग लावू नका, कारण त्याला ते उघडेच बघायचे असतात.